शोभेच्या पामची वाढ का खुंटते : बारामती-इंदापूरच्या मातीतले निदान

पामचे झाड एकाच कोंबावर जगते. आंब्याचा किंवा कडुलिंबाचा शेंडा मोडला तर खालच्या डोळ्यांतून नव्या फांद्या फुटतात. रॉयल पाम, फॉक्सटेल किंवा वॉशिंग्टोनिया यांच्या डोक्यातला कोंब मेला, तर बुंधा हिरवा दिसत असला तरी झाड संपलेले असते. या झाडाच्या खोडात साल आणि गाभा यांच्यामध्ये वाढणारा थर नसतो. त्यामुळे एकदा तयार झालेले खोड नंतर जाड होत नाही आणि त्याला झालेली जखम कधीच भरून येत नाही. मुळेही खोडाच्या तळाशी असलेल्या एका पट्ट्यातून सरळ बाहेर पडतात. ती जवळजवळ सारख्याच जाडीची राहतात, त्यांचे मोठे सोटमूळ होत नाही.

या घडणीमुळे पामचे आजारपण इतर झाडांपेक्षा उशिरा दिसते, पण त्याचा माग मात्र नेमका लागतो. प्रत्येक नवे पान बाहेर येण्याआधी अनेक महिने कोंबाच्या आत घडत असते. आज पिवळे किंवा वेडेवाकडे उमललेले पान पूर्वी कधीतरी बसलेल्या ताणाची खबर देते. कोणते पान आजारी आहे, जुने की नवे, यावरून कारण कुठे शोधायचे ते ठरते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बंगल्यांच्या फाटकांशी, मंगल कार्यालयांच्या वाटांवर आणि शैक्षणिक संकुलांत लावलेल्या पामची पाने पिवळी पडली, की बहुतेक वेळा आधी खत दिले जाते आणि कारण नंतर शोधले जाते. पामच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. इथल्या चुनखडीच्या, चोपण आणि मुरमाड जमिनीत अन्नद्रव्य बहुधा मातीत असतेच, अडते ते मुळांपाशी.

आजार समजू नयेत अशा गोष्टी

रोपवाटिकांत बॉटल पाम या नावाने सर्रास विकला जाणारा रॉयल पाम मूळचा क्युबा आणि कॅरिबियन भागातला. त्याच्या खोडाला मधेच फुगवटा येतो. तो नैसर्गिक आहे. पोषण चांगले असेल तर या झाडाला महिन्याला साधारण एक नवे पान येते आणि जुने पान आपोआप गळून पडते. म्हणून खालचे एखादे पान पिवळे होऊन पडणे हा वाढीचा भाग आहे. पाने येण्यापेक्षा गळण्याचा वेग जास्त झाला आणि डोक्यावरचा पानांचा घेर वर्षागणिक लहान होत गेला, तरच काळजी करावी.

सुरुवातीची काही वर्षे रोपाला खोडच दिसत नाही. या काळात कोंब जमिनीलगत राहून आपली रुंदी पूर्ण करतो आणि त्यानंतर खोड उंच जाऊ लागते. लागवडीनंतर रोप दोन-तीन वर्षे उंच होत नाही म्हणून त्याला खताचा भडिमार करणे चुकीचे आहे. नवी पाने आधीच्यापेक्षा मोठी येत असतील तर वाढ नीट चालू आहे.

भेरली माड हा सर्वांत फसवा. तो अनेक वर्षे वाढतो आणि एकदाच फुलोऱ्यावर येतो. पहिला फुलोरा शेंड्याशी येतो, पुढचे त्याच्या खाली एकेक करत येतात आणि शेवटची फळे पिकली की ते खोड मरते. त्याला वाचवण्याचा उपाय नाही आणि त्याला रोगही झालेला नसतो. सायकस आणि ट्रॅव्हलर्स पाम यांना लोक पाम म्हणत असले तरी ती पाम नाहीत, त्यामुळे पुढचे नियम त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इथली माती आणि पाणी

दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो. कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांच्या काठची जमीन खोल, काळी आणि चिकण आहे. नद्यांपासून दूर, माळावर, वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा कातळ लागतो. दोन्ही प्रकारच्या जमिनींत चुनखडीचे खडे सापडतात. मातीत मुक्त चुना १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जमीन चुनखडीयुक्त धरतात.

तिसरा प्रकार कालव्याच्या पाण्याने घडवला. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. पाण्याचा निचरा न झाल्याने भूजल वर आले आणि त्याबरोबर खालचे क्षारही वर आले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. आज ज्या सखल शेतांवर घरे, शाळा आणि बागा उभ्या आहेत, त्यांपैकी काहींच्या खाली हीच जमीन आहे.

जमिनीचा इतिहास माहीत असणे निदानाला मोठी मदत करते. बारामतीजवळ माळेगाव खुर्द इथे राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ मध्ये खडकाळ माळावर स्थापन झाली, ती दुष्काळ, क्षार, उष्णता आणि उथळ जमीन यांच्या ताणाचा अभ्यास करण्यासाठीच. पामला बसणारे ताणही हेच आहेत.

शोभेच्या पामच्या पोषणावरचे बरेचसे ज्ञान अमेरिकेतील फ्लोरिडाच्या वालुकामय जमिनीतून आलेले आहे. तिथे पोटॅश आणि मॅग्नेशियम पावसाने धुऊन जाते, म्हणून त्यांची कमतरता सर्वांत आधी दिसते. नारळाविषयीचे मराठी ज्ञान मुख्यतः कोकणातले, म्हणजे आम्लधर्मी जांभ्या जमिनीतले आणि भरपूर पावसाचे आहे. दख्खनच्या काळ्या मातीत पोटॅश आणि मॅग्नेशियम सहसा पुरेसे असते. अडतात ती लोह, मँगनीज आणि जस्त ही सूक्ष्मद्रव्ये, कारण सामू ८ च्या पुढे गेला की ती मातीत असूनही मुळांना उचलता येत नाहीत. कोकणातल्या सवयीने नारळाच्या किंवा पामच्या बुडाशी जाडे मीठ टाकणे इथल्या चोपण जमिनीत उघड नुकसान करते.

जुने पान की नवे पान

पाहणीची सुरुवात पानांपासून करावी. झाडाच्या मधोमध उभे असलेले न उमललेले पान म्हणजे सुई. तिच्या लगतची दोन-तीन पाने नवी, मधल्या रांगेतली प्रौढ आणि सर्वांत खालची जुनी. नत्र, पोटॅश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात हलू शकतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते, त्यामुळे लक्षणे आधी खाली दिसतात. लोह, मँगनीज आणि बोरॉन एकदा पानात बसले की सहजी हलत नाहीत. त्यांची उणीव नव्या पानांत दिसते.

नत्र कमी पडल्यास सगळे झाड फिकट होते, सुरुवात खालच्या पानांपासून होते आणि नवी पाने येण्याचा वेग मंदावतो. कुंडीतल्या अरेका पाममध्ये हे नेहमी आढळते. मात्र अरेकाचे देठ मुळातच पिवळे-सोनेरी असतात आणि कडक उन्हात त्याची पानेही पिवळसर होतात. सावलीत वाढलेले अरेकाचे रोप एप्रिलमध्ये एकदम उन्हात ठेवले तर पानांवर कोरडे, पांढरट-तपकिरी चट्टे पडतात. तो उन्हाचा चटका आहे.

पोटॅश कमी असल्यास सर्वांत जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी, उजेडात धरल्यास आरपार दिसणारे ठिपके येतात आणि टोके करपतात. रॉयल पाममध्ये ठिपक्यांऐवजी टोकांचे करपणेच जास्त दिसते. उथळ मुरमाड जमिनीत किंवा वर्षानुवर्षे कुंडीत असलेल्या झाडात ही शक्यता धरावी. अशी पाने विद्रूप दिसतात म्हणून छाटली जातात, पण झाड त्याच पानांतून पोटॅश काढून घेत असते. ती काढली की झाड वरच्या रांगेतून पोटॅश ओढते आणि लक्षणे आणखी वर चढतात. पान पूर्ण वाळेपर्यंत झाडावर राहू देणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे. मॅग्नेशियमची उणीव जुन्या पानांच्या कडांवर रुंद पिवळ्या पट्ट्याने ओळखू येते. पानाचा मध्य हिरवा राहतो. खजूर आणि शिंदी यांच्या प्रजातीतल्या पाममध्ये ती ठळक दिसते, पण बेसॉल्टच्या जमिनीत ती कमी आढळते.

नवे पान पिवळे आणि जुनी पाने हिरवी असा उलटा क्रम असेल तर लोहाचा विचार करावा. नव्या पानाच्या शिरा हिरवट आणि मधला भाग पिवळा असतो. प्रमाण वाढले तर पान जवळजवळ पांढरे होते. पाममध्ये लोहाच्या उणिवेचे कारण बहुतेक वेळा मुळांत असते. खोल लागवड, साचलेले पाणी, घट्ट दाबली गेलेली माती किंवा तुटलेली मुळे यांमुळे लोह उचलले जात नाही. म्हणून लोहाची उणीव दिसली की फवारणीच्या पंपाआधी पहार हातात घ्यावी.

मँगनीजची उणीव अधिक घातक ठरते. नवे पान आखूड, फिकट आणि रेघारेघांनी करपलेले येते, त्याच्या पर्णिका वाळून कुरळ्या होतात आणि डोके जळल्यासारखे दिसते. रॉयल पाम या बाबतीत विशेष नाजूक आहे. दुर्लक्ष झाले तर प्रत्येक पान आधीच्यापेक्षा लहान येत जाते आणि शेवटी कोंब मरतो. चुनखडीची जमीन हे या उणिवेचे मोठे कारण आहे. थंडीत मुळांचे काम मंदावते, म्हणून डिसेंबर-जानेवारीत अशी एक-दोन पाने येतात आणि ऊन तापल्यावर पुन्हा चांगली येऊ लागतात. अशा वेळी एखाद्या पानावरून घाबरू नये, पुढची दोन पाने कशी येतात ते पाहावे.

बोरॉन कमी पडल्यास नव्या पानाची टोके आकडीसारखी वळतात, पान चुण्या पडल्यासारखे आखडते किंवा दोन-तीन सुया एकत्र चिकटून उमलत नाहीत. लांबलेला कोरडा काळ किंवा एखादा मुसळधार पाऊस एवढ्यानेही ही उणीव तात्पुरती निर्माण होते. गेंड्या भुंग्याने कोवळी सुई खाल्ल्यावरही पान वेडेवाकडे येते. त्यामुळे बोरॉनचा निष्कर्ष काढण्याआधी छिद्रे आणि कापलेल्या कडा शोधाव्यात.

उसाच्या शेताला लागून असलेल्या बागेत आणखी एक शक्यता तपासावी लागते. ग्लायफोसेटसारखे तणनाशक वाऱ्याने पानांवर किंवा अरेकाच्या हिरव्या खोडांवर पडले तर पुढे येणारी पाने बारीक आणि विकृत होतात. एकाच बाजूची, शेताकडची झाडे आजारी असतील तर संशयाला जागा आहे.

खोडावरची नोंद

रॉयल पामच्या खोडावर गळलेल्या प्रत्येक पानाचा व्रण कड्यासारखा राहतो. कडी दूर दूर असतील तर तो काळ सुखाचा होता, जवळ जवळ असतील तर वाढ मंदावली होती. खोड पुन्हा जाड होत नसल्याने अडचणीच्या काळात आलेला बारीकपणा कायम राहतो आणि वर परिस्थिती सुधारल्यावर खोड पुन्हा रुंद होते.

ही कडी मोजून अडचण कधीची आहे याचा अंदाज बांधता येतो. बारीक भागापासून वरपर्यंतची कडी मोजावी, त्यांत डोक्यावर असलेल्या पानांची संख्या मिळवावी आणि झाडाला वर्षाकाठी येणाऱ्या पानांच्या संख्येने भागावे. झाडाला वर्षाला किती पाने येतात हे नव्या सुईच्या देठावर रंगाची खूण करून, ठरावीक काळाने मोजून कळते. दोन्ही तालुक्यांत २०१८ मध्ये दुष्काळ जाहीर झाला होता आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने ओढ्या-नद्यांना पूर आला होता. खोड त्या सुमारास आवळलेले असेल आणि वर पुन्हा भरलेले असेल तर झाड त्या ताणातून बाहेर आलेले आहे. त्याला आज औषधाची गरज नाही. उलट, खोड वरच्या टोकाकडे पेन्सिलीसारखे निमुळते होत चालले असेल तर अडचण आजही चालू आहे आणि ती जुनी आहे.

खोडाच्या तळाशी उभ्या भेगा किंवा थोडी मुळे दिसणे धोकादायक नाही. खोडावर गंजासारखा तपकिरी रस ओघळणे, बोटाने दाबल्यावर मऊ लागणे किंवा बुडाशी अर्धगोल, कडक अळिंब उगवणे ही मात्र गंभीर चिन्हे आहेत.

मुळे आणि खड्डा

लागवडीचे पाम बहुधा दुसरीकडून येतात. आंध्र प्रदेशातील कडियमच्या आणि पुण्याजवळच्या सोरतापवाडी, उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिकांतून मोठी झाडे मातीच्या गड्ड्यासह ट्रकने आणली जातात. काढताना कापलेल्या मुळांतली काही पुन्हा फुटतात, काही मरतात. हे प्रमाण जातीनुसार बदलते. मेलेल्यांच्या जागी खोडाच्या बुडातून नवी मुळे यावी लागतात आणि त्याला महिने लागतात. म्हणून लागवडीनंतर वर्षभर पाने लहान येणे अपेक्षित आहे. दुसऱ्या वर्षीही ती लहानच येत असतील तर मुळे गड्ड्याबाहेर गेलेली नाहीत असे समजावे.

यामागे तीन कारणे वारंवार असतात. पहिले कारण खोल लागवड. उंच झाड वाऱ्याने पडू नये म्हणून ते हातभर खोल गाडले जाते. खोडाच्या तळाचा, मुळे फुटणारा पट्टा हवेअभावी गुदमरतो. झाड एक-दोन वर्षे साठ्यावर जगते, मग नवी पाने पिवळी पडू लागतात. बुडाशी हाताने माती उकरून पहिली मुळे किती खोलीवर आहेत ते पाहावे. ती पृष्ठभागाच्या लगत असायला हवीत.

दुसरे कारण खड्डाच. माळावर पहार-टिकावाने किंवा यंत्राने मुरूम फोडून खड्डा घेतात आणि त्यात काळी माती व शेणखत भरतात. खड्ड्याच्या भिंती कठीण राहतात, तळाला कातळ असतो आणि खड्डा हौदासारखा पाणी धरतो. वरून माती कोरडी दिसते म्हणून रोज पाणी दिले जाते आणि खाली मुळे कुजत राहतात. मरगळलेले झाड पाहून पाणी आणखी वाढवले जाते. कुजलेले मूळ काळे-तपकिरी असते, त्याची साल बोटाने सहज निघून आतली दोरी तेवढी हातात राहते आणि मातीला आंबूस वास येतो. निरोगी मूळ टणक असते, त्याचे टोक पांढरट असते.

निचरा तपासायला मोठे साधन लागत नाही. झाडापासून दोन-तीन फुटांवर एक फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. तासाला दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर निचरा अपुरा आहे. ऑस्ट्रेलियाच्या केप मेलव्हिल भागातल्या ग्रॅनाइटच्या दगडधोंड्यांतून आलेला फॉक्सटेल अशा जागी आधी आजारी पडतो. ओढ्याकाठी वाढणारी देशी शिंदी बराच काळ तग धरते.

तिसरे कारण ठिबकची नळी. लागवडीच्या वेळी ड्रिपर बुडाशी ठेवले जातात आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतात. बुडाशी सतत ओल, तर बाहेर पसरलेली मुळे कोरडी, अशी स्थिती होते. झाड वाढेल तसे ड्रिपर बाहेर सरकवून त्यांची संख्या वाढवायला हवी.

क्षार आणि चोपण

क्षारांची लक्षणे जुन्या पानांच्या टोकांपासून सुरू होतात. टोके आणि कडा तपकिरी होऊन करपतात, करपलेल्या आणि हिरव्या भागातली सीमा ठसठशीत असते. जमिनीवर, विशेषतः ठिबकच्या ओलाव्याच्या कडेला, पांढरा थर दिसतो. उन्हाळ्यात कालव्याचे आवर्तन नसताना बोअरचे पाणी वापरले जाते, तेव्हा ही लक्षणे वाढतात. पाण्याची विद्युतवाहकता ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर सावध राहावे. २.२५ च्या पुढचे पाणी नाजूक जातींना देऊ नये. खजूर क्षार उत्तम सोसतो, वॉशिंग्टोनिया बऱ्यापैकी, अरेका फारच कमी.

चोपण जमीन वेगळी. तिच्यात विरघळलेल्या क्षारांपेक्षा मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम त्रास देतो. ही माती ओली असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी होते, पाणी तासन्‌तास तुंबते. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जमीन चोपण ठरते. खारवट जमिनीतले क्षार चांगल्या पाण्याने खाली धुता येतात. चोपण जमिनीला आधी जिप्सम देऊन सोडियम हटवावा लागतो आणि मग धुवावे लागते. मातीत मुक्त चुना भरपूर असेल तर गंधकही चालते, कारण जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि ते आम्ल चुन्यातले कॅल्शियम मोकळे करते. दोन्ही उपायांत निचऱ्याचा चर नसेल तर धुतलेले क्षार उन्हाळ्यात पुन्हा वर येतात.

भुंगे आणि कूज

गेंड्या भुंगा न उमललेल्या सुईत शिरून ती कुरतडतो. पान उमलल्यावर त्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. त्याच्या अळ्या उकिरड्यात, शेणखताच्या आणि कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या ढिगात वाढतात. ऊस, गोठे आणि उकिरडे यांच्या या पट्ट्यात झाडापेक्षा आधी ढीग तपासावा. ढिगात मेटारायझियम ही परोपजीवी बुरशी मिसळल्यास अळ्यांचा नाश होतो.

सोंड्या भुंगा अधिक भयंकर आहे. गेंड्या भुंग्याने केलेल्या किंवा कोयत्याने झालेल्या जखमेत तो अंडी घालतो आणि अळ्या खोड आतून पोखरतात. छिद्रातून चघळलेला चोथा आणि तपकिरी रस बाहेर येणे, आंबलेला वास, खोडाला कान लावल्यास येणारा कुरतडण्याचा आवाज ही त्याची चिन्हे आहेत. डोके एका बाजूला कलले की उशीर झालेला असतो. पावसाळ्याआधी झाड स्वच्छ दिसावे म्हणून हिरवी पाने कापण्याची प्रथा या किडीला दार उघडून देते.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओल्या काळात कोंबकूज येऊ शकते. मधली सुई फिकट पडते, हलकेच ओढल्यावर हातात येते आणि तिच्या बुडाला घाण वास असतो. खालची पाने काही महिने हिरवीच राहतात, त्यामुळे झाड बरे आहे असा भ्रम होतो. तुषार सिंचनाचे पाणी थेट डोक्यात पडत असेल तर ते आधी बंद करावे. बुडाशी उगवलेले कडक अळिंब गॅनोडर्मा बुरशीचे असू शकते. ती खोडाचा तळ आतून कुजवते आणि तिच्यावर खात्रीचा उपाय नाही. असे झाड रस्त्यालगत असेल तर पडण्याआधी काढावे आणि त्याच खड्ड्यात पुन्हा पाम लावू नये.

तपासणीचा क्रम आणि उपचार

निदान पुढील क्रमाने केल्यास चूक कमी होते. आधी झाडाची जात, लागवडीचे वर्ष आणि जमीन पूर्वी कशाची होती ते विचारावे. मग सुई पाहावी. ती ताठ आणि घट्ट असेल तर झाड बहुधा वाचवता येते. त्यानंतर लक्षणे जुन्या पानांवर आहेत की नव्या, एकाच झाडावर आहेत की ओळीतल्या सर्वांवर, हे नोंदवावे. एकच झाड आजारी असेल तर कीड, जखम किंवा खड्डा असा संशय घ्यावा. सगळी ओळ आजारी असेल तर माती, पाणी किंवा खत. पुढे खोड, बुड आणि शेवटी मुळे उकरून पाहावीत. मातीचा नमुना खताच्या आळ्यातून न घेता मुळांच्या कक्षेतून, शून्य ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर अशा दोन थरांतून वेगवेगळा घ्यावा. पाण्याचा नमुनाही सोबत द्यावा. अशा तपासण्या माळेगाव-शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्रात होतात. मुक्त चुन्याचा अंदाज घरीही घेता येतो. मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकल्यावर फेस आला तर चुना भरपूर आहे.

उपचारात निचरा आणि लागवडीची खोली पहिली, पाणी दुसरे, खत तिसरे. लोहासाठी नुसते फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत टाकले तर ते लवकरच निरुपयोगी होते. ईडीटीए प्रकारचे चिलेटही विम्ल मातीत लोह धरून ठेवू शकत नाही. ईडीडीएचए चिलेट मात्र अशा मातीत टिकते. तातडीसाठी लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडे सायट्रिक आम्ल, किंवा मँगनीजसाठी लिटरला ५ ग्रॅम मँगनीज सल्फेट, अशी संध्याकाळी फवारणी करता येते. मोठ्या झाडाला मँगनीज सल्फेट जमिनीतूनही द्यावे लागते. बोरॉन हात राखून आणि माती-पाण्याच्या तपासणीनंतरच द्यावा, कारण त्याची गरज आणि विषबाधा यांतले अंतर फार थोडे असते. उसाचे उरलेले डीएपी पामला टाकण्याची सवय सोडावी. चुनखडीच्या जमिनीत जादा स्फुरदामुळे जस्त आणि लोह आणखी अडते. चांगले कुजलेले शेणखत बुडापासून दूर, घेराखाली पसरून द्यावे आणि त्यात अळ्या नाहीत याची खात्री करावी.

उपचार लागू पडला की नाही हे आजारी पानांवरून ठरवू नये. लोहाच्या फवारणीने पिवळे पान थोडे हिरवे होईल, पण करपलेले आणि वेडेवाकडे पान कधीच सुधारत नाही. नंतर येणारी पाने पाहावीत. कोंबात आधीच घडलेली दोन-तीन पाने सदोष येणारच, त्यापुढचे पान सरळ, मोठे आणि हिरवे आले तर निदान बरोबर होते. रॉयल पाममध्ये याला चार-सहा महिने, पोटॅशच्या जुन्या उणिवेत वर्ष-दोन वर्षे लागतात. दरम्यान दर महिन्याला नवी औषधे बदलल्याने काय लागू पडले तेच कळत नाही.

जमीन बदलणे शक्य नसेल तर झाड बदलावे. चोपण आणि खारवट जागी खजूर, शिंदी किंवा वॉशिंग्टोनिया, निचऱ्याच्या मुरमाड माळावर फॉक्सटेल किंवा बिस्मार्क, नदीकाठच्या खोल मातीत पाण्याची सोय आणि निचरा असेल तर रॉयल पाम, आणि अरेकाला दुपारची सावली व गोडे पाणी. लागवडीपूर्वी माती-पाण्याची एक तपासणी आणि खड्ड्यात पाणी भरून केलेली निचऱ्याची चाचणी एवढे केले, तर वर सांगितलेल्या अडचणींतल्या बहुतेक उद्भवतच नाहीत.